पाचवं शील

चौऱ्याण्णवाव्या दिवशी सकाळी दाढी करता करता ललित गुणगुणला, आणि रेझर गालावर तसाच धरून थांबला. अकोल्याच्या त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे गाणारा तोच. आरशातल्या माणसाकडं त्यानं जरा संशयानंच पाहिलं, दारात ओळखीचा पाहुणा उभा राहावा आणि त्याचं नाव आठवू नये तसं. मग उरलेला गाल केला. हात थरथरला नाही.

व्यसनमुक्ती केंद्रातला दीड महिना आणि नंतर अकोल्यातच ड्युटी करत खोलीवर काढलेले हे दिवस, मिळून चौऱ्याण्णव. केंद्रात गेला तेव्हा मनातलं सांगायला त्याच्याजवळ दोनच शब्द होते. 'बरं' आणि 'डोकं खराब'. तिथल्या श्रावणी मॅडमनी एक वही दिली आणि सांगितलं, रोज झोपण्याआधी मनाला काय वाटलं त्याचा एक शब्द लिहायचा, पण हे दोन सोडून. हे दोन मी खोडून टाकीन. पहिले आठ दिवस त्यानं 'भूक' लिहिलं. मग 'लाज' आली, ती महिनाभर मुक्कामाला राहिली. पुढं हळूहळू एकेक जण येत गेला. भीती, एकटं, कंटाळा, आठवण. एकदा तर 'चिमण्या' असंही लिहिलं होतं त्यानं. मॅडमनी तो शब्द खोडला नाही.

आज अमरावतीला प्रणालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. थोरल्या भावाची, नितेशची एकुलती एक पोर, ललितच्या खांद्यावर वाढलेली. तीन महिन्यांनी तो घरी निघाला होता, आणि वहीतले सगळे शब्द एकदमच त्याच्याबरोबर एसटीत चढले होते.

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. अमरावतीच्या स्टँडवर उतरला आणि पायांना आपणहून वळण आठवलं. समोरचा रस्ता, मेडिकलचं दुकान, त्याच्यापुढची ती बारची पाटी. ललित मोजणी खात्यातला, आणि तिथल्या माणसाला हद्दी तोंडपाठ असतात. याला त्या पाटीपर्यंतची पावलं पाठ होती. मॅडमनी शिकवलं होतं, तलफ आली की आधी पोटाला विचारा, निम्म्या वेळा ती भूकच असते. त्यानं पोटाला विचारलं. पोट म्हणालं, सकाळपासून चहावर ठेवलं आहेस. तो गाडीवर उभा राहिला आणि गिला वडा खाल्ला. संपला तसा आणखी अर्धा मागितला. प्लेट ठेवली तेव्हा पाटी जिथल्या तिथं होती आणि तो फ्रेझरपुऱ्याच्या ऑटोत बसला.

दार त्याच्या बायकोनं, नीलमनं उघडलं. ती इथंच, सासूसासऱ्यांजवळ राहून शाळेत शिकवत होती. अंगणात मांडवाचं कापड बांधणं चाललं होतं, त्याच्या पांढऱ्या उजेडात तिचा चेहरा भरल्यासारखा वाटला. तीन महिने शांत झोपली असावी. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि देता देता किंचित झुकली.

ते झुकणं बारा वर्षांचं होतं. तांब्या देताना, शर्ट घेताना, कानात काही सांगायचं निमित्त करून ती त्याचा श्वास तपासून घ्यायची. पूर्वी तो यावरून भांडं आपटायचा. आज त्याला वाटलं, हिचं नाक बिचारं बारा वर्षं रजेशिवाय ड्युटीवर आहे.

"गिला वडा खाल्ला स्टँडवर," तो म्हणाला. "लसणाचा वास येईन."

"येऊन राहिला," नीलम म्हणाली. "दोन प्लेटी हाणलेल्या दिसते."

"दीड."

ती हसली, आणि हसल्यावर आपण हसलो म्हणून जराशी बावरली.

आत स्वयंपाकघरात मैनाबाई पाहुण्यांसाठी माठ भरत होती. लेकाला पाहून तिनं रडं काढलं नाही. गाल चाचपला, खांदा चाचपला, बाजारात वांगं पारखावं तसा सगळाच पारखला आणि म्हणाली, "मांस धरलं रे बाप्पा तुह्या अंगानं." मग पुन्हा बादलीकडं वळली. तिच्या हाताला काम लागलं की तोंडात ओवी यायची. जात्यावरची पोर, जातं गेलं तरी ओवी राहिली. सगळ्या ओव्या तिच्या स्वतःच्याच, तिथल्या तिथं जुळवलेल्या.

*लेक गेला अकोल्याले, वाट मूर्तिजापूराची,*
*सांगजो रे वाऱ्या त्याले, चूल पेटली घराची.*

"हे कवाचं वं माय?"

"तू गेला त्या रोजचं. आता तूच आला तर वाऱ्याले काय काम," असं म्हणून तिनं रिकामी बादली त्याच्या हातात दिली. त्यानं नळावरून भरून आणली. घरात कोणी आपल्याला काम सांगितलं याचं त्याला फार बरं वाटलं. गेली काही वर्षं त्याला कोणी काच, कढई किंवा निरोप, काहीच हातात देत नसे.

अडचण अकराच्या सुमाराला उभी राहिली. शेषरावांचा, म्हणजे ललितच्या बाबांचा, आवाज आठवड्यापासून बसला होता. तीस वर्षं शाळा शिकवलेला, दर रविवारी विहारात वंदना देणारा तो खणखणीत गळा आज कुजबुजण्यापलीकडं जाईना. साक्षगंध सुरू करायचं ते त्रिशरण-पंचशीलानं. एकानं ओळ द्यायची, सगळ्यांनी मागून म्हणायची. मग ओळ देणार कोण?

प्रणाली मेंदीचे हात वर धरून बसली होती. ती म्हणाली, "ललितकाका आहे ना."

मधल्या खोलीतल्या सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवलं. कोणी पुड्यांची साखर सारखी केली, कोणी पंखा वाढवला. कारण सगळ्यांनाच तो दिवस आठवला. तीन वर्षांपूर्वी, नितेशच्या याच घराच्या गृहप्रवेशाला ललितनंच वंदना दिली होती. लहानपणापासून तोच द्यायचा; बापाचा गळा त्याच्याकडं आला होता. त्या दिवशी चार शीलं नीट झाली. पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं शील आलं, त्यानं पहिला शब्द उच्चारला आणि त्याला हसू फुटलं. हात जोडलेले, समोर मेणबत्ती, मागं साठ माणसं, आणि तो हसत सुटला. त्याच्या श्वासानं पुढची मेणबत्ती विझली असं नंतर कोणीतरी सांगत फिरलं, ते खरं नव्हतं. पण ओळ शेषरावांनी पुरी केली, हे खरं होतं. त्यानंतर ललितला कोणी वंदना सांगितली नाही, आणि प्रत्येक कार्यक्रमात पाचव्या शीलाला घरातली माणसं पायाकडं बघायला लागली.

नितेश लेकीला म्हणाला की नवऱ्यामुलाकडची तिवस्याची माणसं येऊन राहिली आहेत, आज हे नको. मग भावाकडं वळला. त्यानं आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. तो म्हणाला की तुला नालीतून, शेताच्या धुऱ्या-बांधावरून, एसटीच्या मागच्या सीटवरून उचलून आणलं ते मी. लोकांच्या नजरा झेलल्या त्याही मी. आज माझ्या पोरीचा दिवस आहे. पाहुण्यांना मी सांगितलं आहे की ललित तीन महिने अकोल्याला ट्रेनिंगला गेला होता. तेवढं झाकून राहू दे.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, ट्रेनिंग सोडून. ललितनं ऐकून घेतलं. मान खाली गेली, पण आत काही तुटलं नाही. लाज आली, ओळखीची, दारातून आली आणि एका बाजूला बसली.

"बरोबर आहे दादा तुह्यं," तो म्हणाला.

नितेशची भांडणाची तयारी होती, याची नव्हती. तो थोडा वेळ पुड्या मोजत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. दे तू वंदना. पण पयले आईबाबाच्या पायावर हात ठेव आन सांग, जिंदगीत पुन्हा शिवणार नाई. एवढी ग्यारंटी दे मले."

सगळ्यांनी ललितकडं पाहिलं. मागणी काही जास्त नव्हती. होकार दिला असता तर घर क्षणात मोकळं झालं असतं, आणि वहिनीनं चहा टाकला असता. ललितच्या जिभेवर ते वाक्य तयारही होतं, कारण ते त्यानं याच खोलीत तीनदा म्हटलं होतं. तिन्ही वेळा मनापासून. सर्वात लांब टिकलं ते एकोणीस दिवस.

"ते नाई म्हणत मी," तो म्हणाला. "आज नाई घेणार. उद्याचं उद्या सकाळी सांगीन."

"म्हंजे उद्याचा भरोसा नाई."

"उद्या आलाच नाई अजून, दादा."

"पाह्यलं?" नितेश सगळ्यांकडं बघत म्हणाला. "पाह्यलं का, काय शिकून आला ते?"

कोपऱ्यातल्या दिवाणावरून शेषरावांनी काठी जमिनीवर टेकवली. खोली गप्प झाली. कुजबुज ऐकायची तर गप्प व्हावंच लागतं.

"नितेश. पंचशील तू किती खेप घेतलं असशीन?"

"कसं सांगू बाबा. ल्हानपणापासून घेऊन राहिलो."

"एक खेप घेऊन भागत होतं, तर मी तीस वर्षं दर रविवारी तेच तेच काहून देत होतो?" शेषराव दम घ्यायला थांबले. "मी बी चुकलोच. तीनदा त्याच्याकडून जल्माची शपथ घेतली. शिकवणारा माणूस, अन् एका दिवसात सारं पुस्तक पाठ करून मागत होतो."

नितेश पुन्हा पुड्यांकडं वळला. स्वयंपाकघरात मैनाबाईचा दुसरा माठ भरत आला होता, आणि तिला बाहेरचं सगळं ऐकू गेलं असावं, कारण ओवी मुद्दाम जरा मोठ्यानं आली:

*माठ भरला सकाळी, सांजी रिता झाला बाई,*
*पुन्हा भरते हासून, त्याची लाज मले नाई.*

"झालं, आजीनं बी मत देल्लं," प्रणाली म्हणाली, आणि मेंदीच्या हातांनीच डोळे पुसायला निघाली तशी नीलमनं तिची मनगटं धरली.

पण ललित अजून उठला नव्हता. त्याच्या मनात एक खडा राहिला होता. पाचव्याच्या आधी चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. ट्रेनिंगची गोष्ट पोटात ठेवून ते चौथं कसं द्यायचं? तो प्रणालीजवळ जाऊन बसला आणि हळूच विचारलं की व्याह्यांना मी खरं सांगू का. तुझं लग्न आहे, तू नाही म्हणालीस तर वंदना दुसरं कोणी देईल, मी मागून म्हणीन, मला वाईट वाटणार नाही. हे शेवटचं म्हणताना त्यानं स्वतःला तपासलं. वाटणार होतं, पण सोसण्याइतकं.

प्रणालीनं बापाकडं पाहिलं नाही. "सांगा काका," ती म्हणाली. "मले झाकून नाई जाचं त्या घरी. उद्या त्याहिनं बी मह्यापासून काही झाकलं तर मी कोन्या तोंडानं विचारू?"

नितेश उठून मांडवात निघून गेला. खुर्च्या मांडण्याचा आवाज बराच वेळ गरजेपेक्षा मोठा येत राहिला.

तिवस्याची गाडी दीडला आली. जयभीम झाले, पाय धुणं झालं, सरबत झालं. नवरामुलगा कुलदीप नव्या शर्टात अवघडून बसला. त्याचे वडील भगवंतराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, उंच, एका खांद्यानं जरा झुकलेले. सदतीस वर्षं त्या खांद्याला पैशांची पिशवी होती. ते मांडवाच्या कडेला हात धुवायला गेले तेव्हा ललित तांब्या घेऊन त्यांच्या मागं गेला.

पोटाला विचारायची गरज नव्हती. ही भीती होती आणि तो तिला नावानं ओळखत होता. त्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि सांगून टाकलं. ट्रेनिंगला नव्हतो. दारू सोडायला केंद्रात होतो. मोजणीला गेलं की शेतमालक जेवू घालायचे, जेवणाआधी बाटली यायची, तिथून सुरू झालं आणि मग शेत नसलं तरी चालायला लागलं. दादानं लपवलं ते तुम्हाला फसवायला नाही, मला झाकायला. आज चौऱ्याण्णव दिवस झाले. वंदना मी द्यावी असं पोरीच्या मनात आहे, पण तुम्हाला नको असेल तर मी मागं बसतो.

भगवंतरावांनी हात पुसले. एकेक बोट, सावकाश. मांडवाच्या खांबाशी नितेश खुर्ची धरून उभा होता, ती खाली ठेवायचं विसरून.

"सदतीस वर्षं कंडक्टरकी केली मी," भगवंतराव म्हणाले. "पिऊन चढलेला माणूस पायरीवरच ओळखू येत होता मले. तुमी मघा जयभीम घातला तवाच पाह्यलं तुमाले."

"मंग?"

"मंग काय. पुढच्या स्टॉपचं मी कोणाचंच सांगत नाई, लेकराचं बी नाई. आता तुमी सरळ सीटवर बसले आहा, तेवढं दिसून राहिलं." रुमाल घडी करून त्यांनी खिशात ठेवला. "घरी गेल्यावर बायकोले सांगीन मी. ती दोन दिवस बोलन. पण वंदना तुमीच द्या. अन् लंबी करू नका, भूक लागली."

नितेशनं खुर्ची खाली ठेवली.

मांडव उठून उभा राहिला. तथागतांच्या मूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. ललित पुढं झाला, हात जोडले. पहिली ओळ खरबरीत निघाली, आत्ताच तोडलेल्या उसासारखी, सालीसकट. मागून साठ गळ्यांनी ती उचलली आणि गुळगुळीत करून परत दिली. दुसऱ्या ओळीला त्याला आपला आवाज सापडला. तिसऱ्याला तो बापाचा झाला. दिवाणावरून उठवून खुर्चीत बसवलेल्या शेषरावांचे ओठ हलत होते, आवाज मुलाच्या तोंडून येत होता.

पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं दिलं तेव्हा मागून एक आवाज सगळ्यांच्या वर चढून आला, बेसूर, मोकळा. नितेशचा. पोटातलं ओझं उतरलं की माणूस असाच कसाही म्हणतो. पुढच्या ओळीतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

मग पाचवं.

ललित थांबला. लोकांना वाटलं, दम घेतोय. तो वाट पाहत होता. तीन वर्षांपूर्वीचं हसू कुठून येतं का ते पाहत होता. ते आलं, पण आवाज नसलेलं. लांब उभं राहिलं, जुन्या ओळखीच्या माणसासारखं. त्यानं त्याला हाकललं नाही. मेणबत्तीची ज्योत सरळ होती. जन्माची नाही, उद्याचीही नाही, आजची एक ओळ द्यायची होती. त्यानं ती दिली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, न घाईनं, न ओढून, मोजणीचा दगड रोवावा आणि पायानं दाबून माती बसवावी तशी.

मग साठ गळ्यांनी ती मागून म्हटली, आणि कोणी पायाकडं पाहत नव्हतं.

पुढं अंगठ्या झाल्या, साखर झाली. मैनाबाईनं साक्षगंधावर एक ओवी जुळवली, त्यात कुलदीपच्या शर्टाची टिंगल होती. जेवताना नितेश ललितच्या पानाशी आला, न विचारता दुसरी बुंदी वाढली आणि म्हणाला, "बुंदीचं बी उद्याचं उद्या सांगशीन का आता?" ललित म्हणाला, "नाई, बुंदीची ग्यारंटी देतो." दोघंही एकमेकांकडं न बघता हसले. सगळं मिटलं असं नव्हतं. भगवंतरावांची बायको दोन दिवस बोलणार होती, आणि दादाच्या मनात अजून खूप काही जमा होतं. पण ते काढायला दिवस होते.

उन्हं उतरताना नीलमनं त्याला स्कूटीवरून स्टँडवर सोडलं. सोमवारी अकोल्याला ड्युटी होती. अकोल्याची गाडी लागलेली होती. ती पाटी रस्त्यापलीकडं होती. दोघांनीही ती पाहिली. डबा त्याच्या हातात देताना ती झुकली नाही. सरळ उभी राहून दिला. ते तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती उगाच हेल्मेटचा पट्टा सारखा करत राहिली.

"एक सांगू का," ती म्हणाली. "बारा वर्षं, कोणाच्या बी घरची वंदना असो, पाचवं शील मी तुमच्याकडं पाहत म्हणत होती. तुमी म्हणता का, ओठ हालते का, पाय हालते का. माह्यं स्वतःचं शील कदी म्हणलंच नाई मी."

"अन् आज?"

"आज डोळे मिटून म्हणलं."

कंडक्टरनं घंटी दिली. तो चढला, खिडकीशी बसला. तिनं स्कूटी वळवली आणि मागं वळून पाहिलं नाही, आणि ते न पाहणं त्याला गळ्यात घातलेल्या मफलरसारखं वाटलं.

बडनेरा गेल्यावर त्यानं वही काढली. झोपायला अजून वेळ होता, पण शब्द आत्ताच लिहावासा वाटला. समाधान लिहून पाहिलं, ते भाषणातलं वाटलं. आनंद फार मोठा झाला. शेजारच्या सीटवरची म्हातारी पेरू खात त्याच्या वहीत डोकावत होती. शेवटी त्यानं तोच लिहिला, मनाई असलेला, 'बरं'. मॅडम खोडणार हे माहीत होतं, म्हणून खाली बारीक अक्षरात टीप दिली: या खेपेला खोडू नका, मॅडम. मनाला विचारून लिहिला आहे.

मग वही मिटली आणि डबा उघडून अर्धी बुंदी म्हातारीपुढं धरली.